कोणतं पिंपळगाव?

पहिला दिवस : संभाजीनगर – शहागड – गेवराई

गाडीत सामान भरताना ड्रायव्हरभाऊंनी विचारलं, "ताई, लग्नाचं शूटिंग हाय का?" सामान बघून कुणालाही तसंच वाटलं असतं. दोन वॉकीटॉकी, अँटेना लावलेल्या चार लहान डब्या, तीन जुने अँड्रॉइड फोन, पॉवर बँकांची पिशवी, घरचा प्रिंटर, कागदांचा गठ्ठा आणि स्केचपेनचा डबा. शिवाय काकांच्या केबलचं वेटोळं. ते त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही, मांडीवर घेऊन बसले.

काका म्हणजे आमच्या हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्या, मंडळींतले सगळ्यांत जुने, व्हीयू-टू वाले. माझा परवाना व्हीयू-थ्री, म्हणजे खालच्या वर्गाचा. ही आठवण ते दर तासाला एकदा करून देतात. तिसरा गडी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्याचा. त्याला आम्ही सगळे 'इंजिनिअर' म्हणतो. डब्या त्यानंच जोडल्या होत्या. मी दिवसा सॉफ्टवेअर तपासते आणि रात्री नकाशे काढते.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. मी ते घरी बसून, लॅपटॉपवर पाहिलं. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही भर घालता येणारा नकाशा २००४ साली इंग्लंडात सुरू झाला. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्या राजधानीचा धड रस्त्यांचा नकाशाही हाताशी नव्हता. जगभरातल्या शेकडो लोकांनी घरबसल्या उपग्रहाच्या फोटोंवरून गल्ल्या न् घरं गिरवली आणि बचाव पथकं तोच नकाशा जीपीएस यंत्रात भरून फिरली. त्यातूनच पुढे 'हॉट' नावाची संस्था उभी राहिली. सप्टेंबरात आम्ही तेच सिंदफणा आणि सीनेच्या काठांसाठी केलं. तीन रात्री जागून पत्र्याची छपरं एकेक करून चौकोनात बांधली. चौथ्या दिवशी मदतवाटपात असलेल्या ओळखीच्या एका मुलाचा फोन आला. "ताई, तुमच्या नकाशात सत्तावीस चौकोन दिसायलेत, लई झ्याक. पण ट्रॅक्टरवाल्याला काय सांगू? सत्तावीस चौकोनांकडं चल म्हणून?"

उपग्रहातून छप्पर दिसतं, नाव दिसत नाही. त्या नावांसाठी दिवाळी उरकल्यावर रजा टाकली.

शहागडच्या पुलावर थांबलो. गोदावरी आता शहाण्यासारखी पात्रात वाहत होती. काठच्या बाभळींच्या फांद्यांत मात्र चिंध्या, प्लास्टिक आणि उसाचं पाचट अजून लटकत होतं. चहावाला म्हणाला, "गंगा हितवर आल्ती," आणि छातीला हात लावला. इंजिनिअर गोंधळला. इकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, तिचा काठ म्हणजे गंगथडी. त्यानं वहीत लिहून घेतलं : गंगा = गोदावरी. मला हसू आलं, पण मग वाटलं की हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एनडीआरएफ या राष्ट्रीय आपत्ती बचाव दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते, तिच्यात देशभरातले जवान असतात. 'गंगेचं पाणी वस्तीत शिरलंय' हा निरोप त्यांतल्या एखाद्यानं घेतला, तर तो नकाशावर काय शोधणार?

रात्री गेवराईच्या लॉजवर फोनमध्ये सगळ्या मराठवाड्याचा नकाशा उतरवून घेतला. ड्रायव्हरभाऊंना प्रश्न पडला की रेंज नसेल तिथं हा नकाशा काय कामाचा. त्यांच्या फोनचं सिम काढलं, डेटा बंद केला, आणि गच्चीवर नेऊन निळा ठिपका दाखवला. ठिपका बरोबर लॉजवरच होता. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून नुसते वेळ सांगत असतात. फोन ती ऐकतो आणि हिशेब करतो, टॉवरचा त्यात काही संबंध नाही. रेंज असली तर उपग्रह कुठं आहेत ते फोनला नेटवरून लगेच कळतं. नसली तर ती माहिती आकाशातून उतरवून घ्यायला थोडा वेळ लागतो, एवढंच. "म्हंजे पंधरा वरसं मी रेंज नाई म्हणून रस्ता इचारत फिरलो," भाऊ म्हणाले. रात्री उशिरापर्यंत ते गच्चीवर फोन घेऊन इकडून तिकडे चालत होते.

दुसरा दिवस : सिंदफणेच्या काठचं पिंपळगाव

बीड जिल्ह्यात पिंपळगावं किती आहेत ते मोजायला बसू नये. वडगावं, पिंपऱ्या आणि टाकळ्याही सोबत मोजाव्या लागतील, शिवाय प्रत्येकाचं बुद्रुक आणि खुर्द. आम्ही गेलो ते त्यांतलंच एक, नदीकडचं. पुरात त्यांच्या नावानं निघालेला धान्याच्या किटचा टेम्पो दुसऱ्याच पिंपळगावला गेला होता. तिथल्या लोकांनी किट उतरवून घेतले, आभारही मानले. इथं चौथ्या दिवशी दुसरा टेम्पो आला. सरपंच हे अगदी थंडपणे सांगत होते, जणू पाहुणा चुकून शेजारच्या घरी जेवून गेला असावा.

यावर उपाय फार जुना आणि कंटाळवाणा आहे, आकडा. जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक असतो, सरकारच्या स्थानिक संस्थांच्या यादीतही एक वेगळा असतो. संयुक्त राष्ट्रांची मदतकार्यं अशाच आकड्यांवर चालतात, त्यांना ते 'पी-कोड' म्हणतात. नाव कसंही लिहा, रोमनमध्ये वडगावचा डब्ल्यू करा की व्ही करा, आकडा एकच राहतो. सरपंचांना त्यांच्या गावाचा आकडा काढून दिला. त्यांनी तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं लिहिला, योजनांच्या फलकाखाली.

खरं काम शाळेच्या व्हरांड्यात झालं. फील्ड पेपर्स म्हणून एक साधी पद्धत आहे. नकाशा कागदावर छापायचा, कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. लोकांनी त्यावर पेननं लिहायचं, मग फोटो काढून तो कागद पुन्हा संगणकातल्या नकाशावर बरोबर जागी बसवायचा. आम्ही कागद मांडला, उत्तर वर. पाच मिनिटांत एका आजोबांनी तो गरकन फिरवला. नदी त्यांच्या पायाशी आली पाहिजे होती. बसलेल्या सगळ्यांना तसाच हवा होता. गाव नदीकडं तोंड करून बसलंय, उत्तरेकडं नाही. त्यानंतर मी तो सरळ करायच्या भानगडीत पडले नाही.

मग नावं आली. एवढी आली की स्केचपेन कमी पडले. खालची आळी, गायरानातली वस्ती, बारवेजवळची घरं, डीपीजवळची वस्ती. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि त्या वस्तीला दुसरं नावच नाही. 'लवण' हा शब्द इंजिनिअरला नवा होता. लवण म्हणजे शिवारातली खोलगट जागा, पाणी जिथं आपोआप जमतं. उपग्रहाच्या फोटोत ती बाकीच्या रानासारखीच काळी दिसते. आजोबा म्हणाले, "पाणी आधी वढ्याच्या नळकांडी पुलावर येतं. मग लवणात. मग पांदण जाती. मोठा पूल सगळ्यात शेवटी." म्हणजे गावात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी गाव चारही बाजूंनी तुटतं. बाहेरून पाहणारा मोठ्या पुलाकडं बघत बसतो. पूल कोरडा, म्हणजे रस्ता चालू, असा त्याचा हिशेब. इथं तोवर कुणी दवाखान्यात जाऊ शकत नसतं.

नकाशात रस्त्याला 'पुरात बुडतो' असा शेरा मारता येतो आणि रस्ता डांबरी की मातीचा हेही लिहिता येतं. पांदण म्हणजे शेतांमधली वाट; काळ्या मातीतली पांदण उन्हाळ्यात हमरस्त्यासारखी असते, पावसात तिच्यात ट्रॅक्टरही रुततो. आजोबांचा तो क्रम आम्ही एक, दोन, तीन, चार असे आकडे घालून उतरवला. माझ्या मते सहा दिवसांत एवढं एकच काम केलं असतं तरी फेरी वसूल झाली असती.

दुपारी आशाताई आल्या, हातात जाडजूड रजिस्टर. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोण डायलिसिसला जातं, कोणती म्हातारी अंथरुणाला खिळलीय, सगळं त्यांना रजिस्टर न उघडता माहीत. पुराच्या रात्री होडी आधी कुठं न्यायची हे त्यांनीच सांगितलं होतं. इंजिनिअर हरखला आणि भराभरा घरांवर टाचण्या मारू लागला. त्याला थांबवावं लागलं. ओपनस्ट्रीटमॅप सगळ्या जगाला उघडा असतो. कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते हे जगाला सांगायचं नसतं. मंदिर, शाळा, डीपी, विहीर, पूल हे त्या नकाशात जाईल. माणसं जातील ती कोबोच्या फॉर्ममध्ये, कुलूपबंद खात्यात, आणि तिथंही नाव नाही, फक्त गरज. कोबोटूलबॉक्स हे मदतकार्यातल्या पाहण्यांसाठीच बनलेलं साधन आहे. फोनवर रेंजशिवाय फॉर्म भरता येतो, रेंज आली की तो आपसूक वर जातो. आशाताईंनी फॉर्म पाहिला आणि विचारलं, "ह्यात 'चालता येतं का' असं इचारलंय. चालता येतं, पर पाण्यात न्हाई. मंग काय लिव्हायचं?" तो प्रश्न मी रात्री बदलला.

जेवायला त्यांच्याकडंच भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याचा ठेचा. काकांनी चार भाकरी खाल्ल्या आणि परवान्याचा विषय काढला नाही.

तिसरा दिवस : माजलगाव – तेलगाव – धारूर घाट

माजलगाव–तेलगाव रस्ता ट्रॅक्टरांनी भरलेला. गाळप सुरू झालं होतं. बैलगाड्या, संसार लादलेले ट्रक, त्यावर उलटी बांधलेली खाट आणि खाटेच्या पायाला टांगलेली कळशी. बालाघाटाच्या अंगावरच्या एका तांड्यावर पोहोचलो तेव्हा बहुतेक घरांना कुलूप. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते सगळे कारखान्यांकडं गेलेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, या धंद्यात माणसं अशीच मोजतात. मागं म्हातारी माणसं, शाळेत जाणारी काही पोरं आणि कोंबड्या.

सप्टेंबरात मी याच तांड्याची छपरं गिरवली होती. तेव्हा इथं माणसांची दाटी होती, आता नाही. नकाशात मात्र दोन्ही वेळा चौकोन तेवढेच. घरांवरून माणसांचा अंदाज बांधायचा आणि माणसांवरून तांदूळ, हे गणित जगभर चालतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात ते सहा महिने खोटं ठरतं. आणि गेलेली माणसं कुठं आहेत? कुठल्याशा उसाच्या फडाजवळ कोपीत. कोपी पाचटाची किंवा ताडपत्रीची असते, दोन आठवड्यांत हलते. अवकाळी पावसात तिथं ओढ्याला पाणी आलं तर त्या कोप्या कुठल्याच नकाशात सापडायच्या नाहीत. मी फॉर्ममध्ये 'कोणत्या महिन्यात घरी' हा रकाना घातला. एका आजीनं त्याचं उत्तर दिलं, "शिमग्यानंतर."

दुपारून डब्यांची परीक्षा. या डब्यांत लोरा नावाचं रेडिओ असतं आणि मेशटॅस्टिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर. फोन ब्लूटूथनं डबीला जोडायचा, मजकूर लिहायचा. डबी तो दुसऱ्या डबीला देते, दुसरी तिसरीला. टॉवर नको, सिम नको. बोलता येत नाही, फक्त अक्षरं आणि ठिकाण जातं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा ठरावीक ताकदीपर्यंत विनापरवाना खुला आहे. म्हणून ही डबी आशाताईंच्या हातातही देता येते, काकांचा सेट देता येत नाही.

एक डबी तांड्यावर, एक भाऊंबरोबर खाली रस्त्यावर, आणि आम्ही घाटातल्या देवळापाशी. मजकूर टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. इंजिनिअरनं अँटेना बदलली, काकांनी "आमच्या वेळी" सुरू केलं, मी देवळाला प्रदक्षिणा घालून आले. तासाभरानं लक्षात आलं की आदल्या रात्री मी हौसेनं आमच्या डबीचं सॉफ्टवेअर नवं करून घेतलं होतं आणि त्यानंतर प्रदेशाचा रकाना रिकामा राहिला होता. कोणत्या देशाची लहर वापरायची हे सांगितल्याशिवाय डबी हवेत काहीच सोडत नाही, आणि तिचं तेच बरोबर आहे. चूक सर्वस्वी माझी. 'भारत' निवडलं, आणि थोड्याच वेळात भाऊंनी पुन्हा टाकलेला मजकूर आला : "चहा पिऊ का".

देवळावरून अकरा किलोमीटरवरची डबी बोलली. खाली सपाटीला उसाच्या फडाआड गेल्यावर दीड किलोमीटरला दम टाकला. ओल्या उसातून लहर नीट जात नाही. म्हणजे पुराआधीच एखादी डबी उंचावर, सौर पट्टीसकट बसवून ठेवली पाहिजे. मराठवाड्यात प्रत्येक टेकडीवर देऊळ आहे, ही रेडिओवाल्यांवर झालेली कृपाच.

भाऊंनी विचारलं, सिनेमात असतो तो सॅटेलाइट फोन का नाही आणला? काका खुलले. आपल्याकडं थुराया, इरिडियमचे फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा आहे. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र पिशवीत सापडलं म्हणून परदेशी गिर्यारोहकांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या येतात. रीतसर मार्ग दूरसंचार खात्याच्या परवानगीचा, आणि तो प्रशासनाला व सैन्याला सोयीचा. गावपातळीवरच्या माणसाला उरतात टॉवर, हॅम आणि या डब्या. टॉवरचं असं आहे की वीज गेली की तो बॅटरीवर काही तास काढतो, मग जनरेटरवर. आणि जनरेटरचं डिझेल त्याच बुडालेल्या रस्त्यानं यायचं असतं. म्हणून पुरात रेंज पहिल्या रात्री असते आणि नेमकी दुसऱ्या रात्री जाते. तोवर लोकांनी फोन व्हिडिओ काढण्यात संपवलेले असतात.

धारूरला सीताफळं घेतली. टोपलीभर घेतली आणि कळंबपर्यंत संपली.

चौथा दिवस : केज – कळंब – भूम – परांडा

येरमाळ्याच्या पुढं जमिनीचा रंग बदलतो. सीनेच्या बाजूला गेलो तेव्हा तर काही ठिकाणी रंगच उरला नव्हता. वरची माती खरडून खाली मुरूम उघडा पडलेला. एका शेतात ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं आणि विजेचा आडवा खांब. गट नंबरचे दगड वाहून गेले, बांध गेले. त्या शेतकऱ्यानं आमच्याकडं फोन पुढं केला, "माझं वावर कुठून कुठवर हाय ते ह्यात दिसतं का?" आमच्या नकाशात दिसत नव्हतं. भूमी अभिलेखाचं काम वेगळं, आमचं वेगळं, हे त्यांना सांगताना मला माझीच लाज वाटली. पुराआधीच्या फोटोत त्यांचा बांध पुसट दिसत होता, तेवढा छापून दिला. कायद्यानं त्याला काही किंमत नाही. त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

सप्टेंबरात इथं हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली होती. एका गावात, त्या रात्री फोनवर बसलेल्या तरुणांच्या गटाला भेटलो. व्हॉट्सॲपवर ठिकाण येत होतं, पण कुणाचं, कधीचं? एक टाचणी सहा गटांतून फिरून येई. ज्यांची ती, ती माणसं चार तासांपूर्वीच बाहेर पडलेली. काहींच्या फोनचं जीपीएस बंद, त्यामुळं ठिपका टॉवरच्या अंदाजानं भलत्याच शिवारात. मग त्यांच्यातल्या एका पोरीनं फळ्यावर लिहिलं : ठिकाण पाठवताना सोबत वेळ, माणसं किती, आणि छपराचा रंग. हेलिकॉप्टरला छपराचा रंगच दिसतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसरीही एक युक्ती ते ठेच लागून शिकलेले : कॉल लागत नसला तरी साधा एसएमएस जातो. त्याला फार थोडी जागा लागते, आणि एकदा पाठवला की तो रांगेत थांबून राहतो.

अक्षांश-रेखांशाचा घोटाळा तर माझ्या आवडीचा. १८.३० अंश आणि १८ अंश ३० मिनिटं, ऐकायला सारखंच. पण १८.३० अंश म्हणजे १८ अंश १८ मिनिटं. फरक बारा मिनिटांचा, जमिनीवर बावीस किलोमीटर. बावीस किलोमीटरवर दुसरी नदी, दुसरा तहसीलदार. त्यात रेडिओवरून मराठी आकडे. काकांनी परांड्याच्या किल्ल्यासमोर उभं राहून मला मुद्दाम "पंच्याहत्तर, एकोणसाठ, त्रेसष्ट" असं हँडसेटवरून सांगितलं. मी लिहिलं सत्याहत्तर, एकोणसत्तर, त्रेपन्न. खरखरीत आवाजात आपल्या आकड्यांचं कधी नुसतं डोकं कळतं, कधी नुसतं शेपूट. म्हणून रेडिओवर एकेक अंक : सात, पाच. पाच, नऊ. आणि समोरच्यानं तो परत म्हणून दाखवायचा. मी आयुष्यभर मराठी आकड्यांची बाजू घेऊन भांडत आले, तिथं मात्र गप्प बसले.

त्या तरुणांनी आणखी एक विचारलं. उपग्रहावरून पुराचे नकाशे निघतात, मग आमच्या गावाचा का नव्हता? साधा कॅमेरा ढगाआडून पाहू शकत नाही. रडारचा उपग्रह पाहतो, रात्रीही. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र रडारवरून पुराचे नकाशे काढतं. युरोपचा सेंटिनेल-१ आहे, आणि ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासानं मिळून निसार सोडला. पण यांतला एक उपग्रह त्याच वाटेनं पुन्हा यायला बारा दिवस घेतो. सीनेचा पूर ओसरायला तेवढे दिवस लागत नाहीत. उपग्रह वरून गेला तेव्हा पाणी एक तर यायचं होतं किंवा निघून गेलेलं. शिवाय उभ्या उसाखालचं पाणी रडारला सहजी ओळखू येत नाही. निसारच्या लांब लहरी पिकाच्या आत जास्त शिरतात, त्यामुळं पुढं बरं दिसेल. त्यांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, "म्हंजे झाडावर चढलेला माणूसच बरा."

त्या झाडावरच्या माणसाच्या हातात डबी दिली तर? दोन डब्या तिथं ठेवून आलो. एक पाण्याच्या टाकीवर, एक त्या पोरीकडं.

पाचवा दिवस : बार्शी – लातूर – किल्लारी

आजचा दिवस काकांचा. बार्शीपासूनच ते बोलायचे थांबले होते. लातूरच्या स्टेशनाजवळून जाताना इंजिनिअरनं २०१६ ची पाण्याची रेल्वे आठवून विषय काढला. मिरजेहून १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन आली होती. काका नुसतं "हं" म्हणाले. औसा, लामजना आणि किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून उशिरा झोपलेले. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच अंगावर आली. काका तेव्हा तिशीत होते. मित्राच्या जीपमधून सेट आणि ट्रकची बॅटरी घेऊन आले, सास्तूरच्या बाजूला एका उभ्या राहिलेल्या शाळेत बसले. मदत मागण्याचे निरोप थोडेच होते, ते म्हणाले. जास्त होते ते पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांसाठी : अमुकची आई आहे, तमुक नाही. एका निरोपाला पंचवीस शब्द. रांगेतल्या माणसांना ते समजावून सांगावं लागे. एकानं पंचवीस शब्द विचार करून करून पुरे केले आणि शेवटी म्हणाला, एवढे नकोत, 'ये' एवढंच सांगा.

आम्ही जुन्या गावठाणात गेलो. बावन्न गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. नवे रस्ते रुंद आणि सरळ रेषेत, घरं ओळीनं. जुन्या जागी बाभळी, घडीव दगड आणि स्मारक. नकाशा काढणाऱ्यापुढं इथं अडचण येते : नाव एक, जागा दोन. जुन्या कागदावरचं गाव घेऊन निघालेला माणूस बाभळीत पोहोचेल. नकाशात जुन्या जागेला 'सोडून दिलेलं गाव' म्हणून वेगळी खूण करता येते. मी फोन काढला आणि खूण करायला लागले.

बकऱ्या चारणारे एक आजोबा जवळ आले. काय चाललंय ते काकांनी सांगितलं. आजोबांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली. ही वेस. हा मारुती. ही सोनाराची गल्ली, इथून आत आमचा वाडा. बत्तीस वर्षांनंतर एकाही वळणाला ते अडखळले नाहीत. मी जीपीएस धरून त्यांच्या मागून चालले, बाभळीतून. एका ठिकाणी त्यांनी पाय उचलून टाकला, जसा आपण उंबरा ओलांडताना टाकतो. जमीन सपाट होती.

तो माग फोनमध्ये उमटला. जगाच्या नकाशात मी तो टाकला नाही. वेस आणि मारुती तेवढे टाकले, त्यांना विचारून.

सहावा दिवस : घरी

परतीचा रस्ता लांब, सांगण्यासारखं काही नाही. अंबाजोगाईला चहा घेतला, भाऊंनी रेंज नसलेल्या प्रत्येक पट्ट्यात निळा ठिपका दाखवला.

रात्री कागदांचे फोटो नकाशावर बसवले. नावं दोन्ही लिप्यांत भरली, देवनागरीत आणि रोमनमध्ये, म्हणजे जवानालाही वाचता येतील आणि आजोबांच्या नातवालाही. पिंपळगावचा आकडा, चार बुडणाऱ्या जागा क्रमानं, डीपीजवळची वस्ती, मारुती, म्हसोबा. साडेअकराला आशाताईंना चित्र पाठवलं आणि लॅपटॉप मिटला.

पाच मिनिटांत त्यांचा आवाजी निरोप. "ताई, मारुती वढ्याच्या अल्याड दावलाय तुम्ही. मारुती पल्याड हाय. अल्याड म्हसोबा."

मी विचारलं, "अल्याड म्हणजे तुमच्या घराकडून की शाळेकडून?"

"न्हाई वो, नदीकडून."

लॅपटॉप उघडला, नकाशा फिरवून नदी खाली घेतली आणि दोन ठिपक्यांची अदलाबदल केली.